सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला हवा

गाडीला वेगळा तापमापक (टेम्परेचर गेज) लावताना त्याच्या सेन्सरसाठी वरच्या रेडिएटर नळीत अ‍ॅडॉप्टर (सेन्सर बसवायचा धातूचा जोडतुकडा) घालावा की खालच्या, असा प्रश्न आहे. खालची नळी नकोच. तिथे रेडिएटरमधून थंड होऊन आलेलं पाणी असतं. वरची चालते, पण थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) बंद असेपर्यंत त्या नळीत प्रवाह जवळजवळ नसतो. थर्मोस्टॅट बंदच अडकला तर इंजिन तापेल आणि गेजचा काटा मात्र खालीच राहील. म्हणून सिलिंडर हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, प्लग लावून बंद केलेलं रिकामं भोक असेल तर तीच पहिली पसंती. ते नसेल तर हेडमधून निघणारी हीटरची नळी बघा, मात्र तिच्यावर प्रवाह बंद करणारा व्हॉल्व्ह नसावा.

अ‍ॅडॉप्टर नळीच्या आतल्या व्यासाइतकाच घ्या. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग (विजेचा परतीचा मार्ग) त्याच्या बॉडीतून मिळतं. रबरी नळीत ते तुटतं, म्हणून अ‍ॅडॉप्टरपासून इंजिन ब्लॉकपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर ओढा. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवले तर त्यानेही अर्थिंग बिघडून काटा कमी दाखवतो. गोव्याच्या खाऱ्या हवेत अर्थिंगच्या वायरचा सांधा लवकर गंजतो, तेव्हा रिंग टर्मिनलला (वायरच्या टोकाच्या कडीला) ग्रीस लावाच.

शेवटी नळ्यांत अडकलेली हवा काढा: इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवून कूलंट भरत राहा. विहिरीचं पाणी नको, डिस्टिल्डच. आणि एक: कूलंट गळून गेलं की सेन्सर कोरडा पडतो, काटा उलट खाली येतो. चोर्ला घाटात चढताना काटा अचानक पडला तर लगेच गाडी थांबवा.