वाण्याचं दुकान बंद झालं : तुमचे अनुभव सांगा

आमच्या गल्लीतलं वाण्याचं दुकान दिवाळीनंतर उघडलंच नाही. खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं मी तिथून फक्त कोथिंबीर आणि पाहुणे आले तर दूध आणत होते. पवईला 2002 साली पहिलं डीमार्ट निघालं तेव्हा चांदिवलीहून हौसेनं रिक्षा करून गेलो होतो. तुमच्याकडे काय झालं? दुकानदार असाल तर हिशेबासकट लिहा. नुसती हळहळ नको.

माजी किराणावाला, चिंचवड
1994 पासून दुकान. सप्टेंबर 2012 मध्ये परदेशी कंपन्यांना किरकोळ दुकानांत 51 टक्के गुंतवणुकीची परवानगी मिळाली तेव्हा बंद पाळला, मीही शटर ओढलं. भीती वॉलमार्टची. पण गिऱ्हाईक गेलं ते अर्ध्या किलोमीटरवरच्या देशी मार्टमध्ये.

मला डिस्ट्रिब्युटरकडून तेलाची पिशवी ज्या भावात पडायची, त्याच्या खाली तिथे बोर्ड लागायचा. ते थेट कंपनीकडून ट्रकनं उचलणार, मला मधल्यांचं पोट भरून माल. शेवटी मी, बायको आणि भाऊ तिथल्याच रांगेत उभे राहिलो. एका बिलावर पाचच पिशव्या, म्हणून तिघं, तीन बिलं. घरी येऊन त्यांची स्टिकरं नखानं खरवडली आणि पिशव्या माझ्या फळीवर मांडल्या. बिस्किटाच्या शंभराच्या मालात आठ-दहा रुपये सुटायचे. त्यातून भाडं, लाईट बिल आणि उंदरांचा वाटा!

2020 च्या लॉकडाऊनमध्ये अख्खी सोसायटी दारात होती. वर्षभरानं उरले ते उधारीवाले. वही अजून कपाटात आहे.

लाईनवरचा सेल्समन
साबण-बिस्किटाच्या एजन्सीत आहे. माझ्या बीटवर 45 दुकानं होती, आता 28. टार्गेट मात्र तेवढंच. एक दुकान मिटलं की आमचा टेम्पोवाला आणि हमालही एक फेरी गमावतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मला वाईट वाटलं नाही
रागवा खुशाल. आमचा वाणी एमआरपीच्या खाली रुपया सोडत नसे, तांदळात खडे, बदलून मागितले की तोंड वाकडं. पोऱ्या बारा-बारा तास राबायचा. माझी वहिनी मार्टात पॅकिंगला आहे, पायांना गोळे येतात, पण पीएफ कापला जातो. त्या पोऱ्याला पीएफ कुणी दिला होता? हां, अडीअडचणीला पगार होईपर्यंत थांबायचा तो वाणीच, हे मान्य.

नागपूरकर
बाबांनी गाळा दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या एका कंपनीलाच गोदामासाठी भाड्यानं दिला. दुकानात सुटायचे त्याहून भाडं जास्त येतं, तक्रार कसली करणार? तरी बाबा रोज सकाळी दहाला आंघोळ करून खाली बाकावर जाऊन बसतात. मॅप चुकला की डिलिव्हरीवाली पोरं त्यांनाच विचारतात, "काका, ही विंग कुठली?" बाबा विंग सांगतात, वर कोण राहतं तेही सांगतात.