मदत हवी आहे: बाहुलीनाट्यातून पहिली ते चौथीच्या मुलांना नॅनो-विज्ञान कसे दाखवावे?

नमस्कार.

राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीला, गावातील मराठी प्राथमिक शाळेत सादर करण्यासाठी आम्ही काही पालक मिळून हातबाहुल्यांचे अर्ध्या तासाचे विनोदी नाटुकले बसवत आहोत. विषय नॅनो-मापाच्या, म्हणजे मीटरच्या शंभर कोटीव्या भागाच्या आसपासच्या जगाचा आहे. हसू विज्ञानातूनच यावे, विज्ञान सांगून झाल्यावर वरून विनोद पेरलेला नसावा, एवढा एकच आग्रह आम्ही धरला आहे आणि नेमके त्यामुळेच काही ठिकाणी अडले आहे.

जे जमले ते आधी सांगतो. आमचा सोंगाड्या मुलांना आपल्या नखाकडे टक लावून पाहायला सांगतो, एक सेकंद थांबतो आणि "वाढले!" म्हणून आनंदाने उडी मारतो. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक नॅनोमीटर. त्यामुळे तो खोटे बोलत नसतो, पण कुणाला काहीच दिसत नाही आणि मुले त्याच्याशी भांडू लागतात. पालीचा प्रवेशही रंगतो. पालीच्या बोटांवरील सूक्ष्म केसांची टोके सुमारे २०० नॅनोमीटर रुंद असतात आणि भिंतीच्या रेणूंशी असलेल्या क्षीण आकर्षणावर ती डिंकाविना चिकटते. पाऊल उचलताना कोन बदलला की पकड सुटते. सोंगाड्या मात्र अंगाला डिंक फासून छताला लटकतो आणि त्याला पुढे पाऊल टाकता येत नाही.

पहिली अडचण मापाची आहे. साखरेचा रेणू म्हणून आम्ही फूटभर उंचीची बाहुली केली आहे. खरा रेणू साधारण एक नॅनोमीटरचा आणि माणसाचा केस ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाडीचा, तेव्हा बाहुलीच्या हिशेबाने केस २४ ते ३० किलोमीटर रुंद हवा. चौथीच्या मुलांना हे ऐकून गंमत वाटते, पहिलीच्या मुलांना मात्र किलोमीटर म्हणजे काय हेच माहीत नसते. आकडा न उच्चारता, केवळ रंगमंचावरील हालचालीतून हे अंतर दाखवण्याची युक्ती कुणी योजली आहे का?

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. रेणूला डोळे आणि तोंड दिले की तो मुलांच्या लेखी जिवंत होतो; तालमीला बसलेल्या एका मुलीने तो जेवतो काय, असे विचारले. डोळे काढले तर बाहुली निर्जीव ठोकळा होते आणि विनोदच संपतो. बोलण्याचे काम फक्त पाल, सोंगाड्या आणि आजीकडे ठेवून रेणूंना सतत थरथरणारे, मुके ठेवावे, असा माझा कल आहे, परंतु आमच्यातील काहींना ते रुक्ष वाटते. बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांनी आणि प्राथमिक शिक्षकांनी यावर मत द्यावे.

शेवटचा प्रश्न सोन्याचा. आजी सोनाराकडे लाल द्रावाची बाटली घेऊन येते आणि हे सोने आहे असे सांगते; सोनार तिला वेड्यात काढतो. वीसेक नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात विखुरले की द्राव खरोखर माणकासारखा लाल दिसतो, आणि इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये त्याचा अभ्यास केला होता. बाटलीत रंगाचे पाणी भरून वेळ मारून नेता येईल, पण मग आजी खोटी ठरते. शिवाय खऱ्या द्रावातून लेझरचा झोत गेला तर त्याची रेघ दिसते, साध्या रंगीत पाण्यात ती दिसत नाही, आणि सोनाराची फजिती करण्यासाठी मला तीच रेघ हवी आहे. झोत आडवा, मुलांच्या डोळ्यांपासून दूर राहील याची काळजी घेऊ.

महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात असा द्राव तयार करणाऱ्या कुणाकडून लहानशी सीलबंद बाटली मिळू शकेल का? ती हाताळताना आणि साठवताना काय पथ्ये पाळावी लागतात, हेही कळवावे. ती न्यायला मी स्वतः येईन आणि प्रयोगानंतर परत आणून देईन.