प्रतिसाद: सही केली म्हणजे दंड भरावाच लागतो का?

वर विचारलंय की केळीच्या सौद्यात ‘माल न दिल्यास 50,000 रुपये दंड’ या कागदावर सही झाली, आता सगळे भरावेच लागतील का. तसं नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे. कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. त्यामुळे समोरच्याचं खरोखर काय बुडालं, ते आधी विचारा.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या कागदातल्या ‘दर्जेदार माल’ या दोन शब्दांची. आमच्या रावेरकडच्या बागेत याच शब्दांनी घात केला. भाव पडला तसे व्यापाऱ्याला अर्धे घड ‘दर्जेदार’ दिसेनात. कागदावर घडाचं वजन नव्हतं, फण्या नव्हत्या, कापणीची तारीखही नव्हती. बाबा झाडाखाली कागद धरून उभे, आणि वर घड पिवळे पडायला लागलेले. ते आठवलं की आजही जीव तुटतो.

अशा मोघम शब्दांबद्दल याच कायद्याचं कलम 29 सांगतं की ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि करताही येत नाही, तो करार रद्दबातल. कायद्यातलंच उदाहरण बघा: ‘शंभर टन तेल’ एवढंच लिहिलं तर कोणतं तेल ते कळत नाही. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर करार टिकतो. म्हणून तुमच्या व्यापाऱ्याने आधीच्या कापण्यांत कसला माल उचलला, त्या वजनाच्या पावत्या शोधून ठेवा. आणि तोंडी ठरलेलं लेखी कागदाच्या विरुद्ध जात असेल तर ते सहसा पुराव्यात चालत नाही, हेही वकिलाला भेटण्याआधी ध्यानात घ्या.