सल्ला हवा: घरात चार नंबर, रिचार्जचा खरा वार्षिक खर्च कसा काढायचा?

फोंडेकर

नमस्कार. घर फोंडा तालुक्यात, शिरोड्याच्या बाजूला. चार प्रीपेड नंबर आहेत, चारही एअरटेलचे, आणि चारींवर दर २८ दिवसांनी ₹३४९ चा रोज दीड जीबीवाला पॅक मारला जातो. घरात फायबर आहे.

पहिला नंबर माझा: रोज फोंडा-पणजी, युपीआय, नकाशा, फोन ५जी. दुसरा पत्नीचा: शाळा आणि घर, जास्त करून व्हॉट्सअ‍ॅप. तिसरा आईचा: फक्त कॉल, साधा की-पॅड फोन. चौथा मुलीचा: बेळगावात हॉस्टेलला.

कोणत्या कंपनीचे काय घ्यावे यापेक्षा तुलना कशी करावी ते कळले तर बरे. जाहिरातीतला आकडा आणि वर्षाअखेरचा आकडा जुळत नाहीत, हे दिसते आहे.

---

दिवसाचा_भाव

पॅकची किंमत आधी दिवसांवर भागा, मग ३६५ ने गुणा. बाकी सगळे त्यानंतर. वर्षात २८ दिवसांचे तेरा पॅक बसतात आणि वर एक दिवस उरतो. बारा महिने म्हणून बाराने गुणणारा तिथेच चुकतो.

खालचे दर जुलै २०२४ च्या वाढीनंतरचे. पॅक येतात-जातात, म्हणून भरण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये एकदा बघा. हिशेबाची रीत तीच राहते.

रोज दीड जीबी, २८ दिवस: जिओ ₹२९९, म्हणजे दिवसाला ₹१०.६८, वर्षाला ₹३,८९८. एअरटेल आणि व्हीआय ₹३४९, दिवसाला ₹१२.४६, वर्षाला ₹४,५४९.

तोच दीड जीबी ८४ दिवसांच्या पॅकमध्ये: जिओ ₹७९९, वर्षाला ₹३,४७२. एअरटेल आणि व्हीआय ₹८५९, वर्षाला ₹३,७३३. कंपनी न बदलता, नुसते २८ वरून ८४ वर गेलात तर एका नंबरमागे वर्षाला ₹८१६ वाचतात. चार नंबरांचे ₹३,२६४.

एकच ₹८५९, पण कंपनीगणिक आतला माल वेगळा. जिओच्या ८४ दिवसांच्या ₹८५९ मध्ये रोज दोन जीबी आहेत, आणि दोन जीबीपासून वरच्या पॅकवर अमर्याद ५जी मिळते. एअरटेलमध्ये दोन जीबीचा ८४ दिवसांचा पॅक ₹९७९ ला, वर्षाला ₹४,२५४. तेव्हा ‘८५९ वाला’ म्हणून तुलना करू नका. दिवस, रोजचे जीबी आणि ५जी आहे की नाही, हे तिन्ही शेजारी-शेजारी लिहा.

दुसरी खोच: भाव तोच ठेवून दिवस कमी करायचे. ही दरवाढच असते, पण पाटीवर दिसत नाही. दिवसाचा भाव काढायची सवय असली की लगेच पकडली जाते.

ओटीटी फुकट म्हणून जे देतात त्याची किंमत शून्य धरा. ते तुम्ही एरवी स्वतःच्या पैशाने घेतच असाल, तेवढेच वजा करायचे.

रिचार्ज कंपनीच्या अ‍ॅपवरून करा. पैसे भरायच्या इतर अ‍ॅपवर रुपया-दोन रुपये सोयीचे म्हणून लागतात. रक्कम किरकोळ, पण चार नंबर गुणिले तेरा वेळा असे बघा.

---

दिवसाचा_भाव

राहिलेले: घेतलेला डेटा आणि वापरलेला डेटा वेगळा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या भागात सिमनिहाय डेटा वापर दिसतो. मागच्या तीन महिन्यांचे आकडे काढा. घरी फायबर असलेल्याचा मोबाइल डेटा महिन्याला दोन-चार जीबीच्या पुढे जातच नाही, असे खूपदा निघते. अशा माणसाला रोज दीड जीबी देणे म्हणजे चहाच्या कपासाठी घागर भरणे. न वापरलेला डेटा रात्री बारा वाजता जातो. व्हीआयच्या काही पॅकवर तो शनिवार-रविवारसाठी साठतो, बाकीच्यांकडे नाही.

---

चिरेबंदी

हिशेब बरोबर आहे, पण गोव्यात त्याच्याआधी एक पायरी आहे. घरात रेंज कुणाची येते? चिऱ्याची (जांभ्या दगडाची) दीड फुटी भिंत, वर कौले, आणि मधल्या खोल्यांना खिडकी नाही, अशा घरात रस्त्यावरची रेंज उपयोगाची नाही. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरून राहतो, आणि ओला चिरा लहरी जास्त अडवतो. म्हणून मे महिन्यात घेतलेला निर्णय जुलैत चुकलेला वाटतो.

५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झचा. वेग मोठा, पण भिंत ओलांडायची ताकद कमी. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी आत पोचतात. जिओने ७०० वर ५जी दिले आहे, मात्र फोनमध्ये एन२८ बँड (हाच ७०० चा पट्टा) असला तरच तो पकडतो. फोनच्या माहितीपत्रकात बँडची यादी असते, ती वाचा.

पैशाशी याचा थेट संबंध असा: अमर्याद ५जी हे फोन ५जीवर असेपर्यंतच. आत येऊन फोन ४जीवर उतरला की रोजच्या कोट्यातून डेटा कापला जातो. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जेमतेम जातो, युपीआय अडखळते. मग एक जीबीचा एका दिवसाचा जादा पॅक मारायचा, ₹१९-२२. महिन्यात असे पाच मारले तर वर्षाला अकराशे-तेराशेची भर. ती कुठल्याच पाटीवर लिहिलेली नसते.

तपासणी अशी करा. ज्या कंपनीचा विचार आहे तिचे चालू सिम शेजारच्याकडून अर्ध्या तासासाठी मागून घ्या. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग फोनविषयीची माहिती, मग सिमची स्थिती. तिथे सिग्नल डीबीएममध्ये दिसतो, आकडा उणे असतो. उणे ८५ च्या आसपास असला तर उत्तम. उणे १०५ पर्यंत कॉल चालतो, नेट हळू. उणे ११५ च्या खाली गेला की कॉल तुटणार. दांड्या बघू नका, प्रत्येक फोन त्या आपापल्या मापाने दाखवतो. सोपा (पुढची ओसरी), मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागचा पडवीचा भाग, असे चार आकडे लिहा. दुपारी एकदा आणि रात्री नऊला वेगाची चाचणी घ्या. रात्री नऊला टॉवरवर गर्दी असते. डीबीएम तोच राहून वेग पडत असेल तर दोष तुमच्या भिंतीचा नाही, टॉवरचा.

१ एप्रिल २०२५ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर कुठे २जी, ४जी, ५जी आहे त्याचा नकाशा द्यावा लागतो. पहिली चाळण म्हणून तो बघा. नकाशा घराबाहेरचे सांगतो, एवढे ध्यानात ठेवा.

आत रेंज नसली तरी तुमच्याकडे फायबर आहे. फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. वेगळे पैसे नाहीत, पॅकमधलेच कॉल.

---

रानवाट_वाळपई

सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या भागात वरचे सगळे बाजूला ठेवून आधी टॉवर कुणाचा आहे ते बघावे लागते. चोर्ला घाटात किंवा मोल्याच्या पुढे रानात दोन वेगळ्या कंपन्यांची दोन सिमे असणे हाच स्वस्त उपाय. पण दुसरे सिम फक्त कॉलच्या पॅकवर ठेवा, दोन्हींवर डेटा घेऊ नका. जादा डेटाचे पॅक मूळ पॅक चालू असेल तरच चालतात, तेव्हा ‘नुसता डेटा’ स्वस्त दिसतो तसा तो नसतो.

---

फोंडेकर

आकडे काढले. माझा मोबाइल डेटा महिन्याला ३५ ते ४० जीबी. पत्नीचा दीड जीबी. मुलीचा ४५. आईचा शून्य. घराच्या मधल्या खोलीत आताच्या कंपनीचा आकडा उणे १०८, जिओचा उणे ९६.

मुलीसाठी कर्नाटकचे सिम घ्यावे का? आणि चारही नंबर पोस्टपेड फॅमिलीत टाकले तर?

---

काणकोण_पोळे

कर्नाटकचे सिम नको. मोबाइल परवान्यासाठी देशाचे विभाग पाडलेले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे (मुंबई वेगळे सर्कल), बेळगाव-कारवार कर्नाटक सर्कलमध्ये. पण अमर्याद कॉलच्या पॅकवर देशात रोमिंगला येणारे-जाणारे कॉल आणि डेटा त्याच पॅकमधून जातात. फक्त फोनमध्ये डेटा रोमिंग चालू असायला हवे. बेळगावात पोचल्यावर नेट बंद पडण्याचे कारण बहुतेक वेळा हेच एक बटण असते.

सर्कलचा फरक दुसरीकडे पडतो. छोटे पॅक सर्कलप्रमाणे बदलतात. मुंबईच्या व्हिडिओत दाखवलेला पॅक गोव्याच्या नंबरवर दिसेलच असे नाही. स्वतःचा नंबर टाकून जे दिसते तेच खरे.

---

दिवसाचा_भाव

पोस्टपेडचा हिशेब. प्रीपेडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीत तो बाहेर असतो. ₹४४९ चे बिल हातात ₹५३० चे येते. एकट्या नंबरसाठी वर्षाला ₹६,३५८, म्हणजे ८४ दिवसांच्या प्रीपेडपेक्षा कितीतरी महाग.

चार नंबरांनी चित्र बदलते. जिओच्या ₹४४९ मध्ये मुख्य नंबरला ७५ जीबी, आणि तीन जादा नंबर प्रत्येकी ₹१५० ला, प्रत्येकाचे ५ जीबी. ४४९ अधिक ४५० म्हणजे ₹८९९, जीएसटीसह ₹१,०६१ महिन्याला, वर्षाला ₹१२,७३०. दर नंबरी ₹३,१८२. डिपॉझिट वेगळे. चारींना मिळून महिन्याचे ९० जीबी. तुमची बेरीज ८२ ते ८७ होते, म्हणजे काठोकाठ. वर गेले की जीबीप्रमाणे बिल वाढते, आणि प्रीपेडसारखे आपोआप थांबत नाही. शिवाय आईसाठी महिना ₹१५० अधिक कर, म्हणजे वर्षाला ₹२,१२४, हेही फक्त-कॉलच्या पॅकपेक्षा जास्त.

त्या पॅकचे सांगतो. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की डेटाशिवाय फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायलाच हवेत. त्यानंतर एअरटेलने ₹१,८४९ ला ३६५ दिवस आणि ₹४६९ ला ८४ दिवस दिले, जिओने ₹१,७४८ ला ३३६ दिवस आणि ₹४४८ ला ८४ दिवस. जिओचा आकडा लहान दिसतो, पण दिवसाला ₹५.२० पडतात, एअरटेलचे ₹५.०७. अ‍ॅपमध्ये हे पॅक खाली दडलेले असतात, नीट सरकवून बघा.

आईला एअरटेलचा ₹१,८४९. तिच्या फोनसाठी दुसरे कारणही आहे: साधा २जी की-पॅड फोन जिओवर चालत नाही, त्यांच्याकडे २जी नाहीच.

पत्नीला एअरटेलचाच ३६५ दिवसांचा ₹२,२४९, वर्षभरात ३० जीबी. महिन्याला अडीच जीबी, त्यांना पुरतात. फक्त-कॉलच्या पॅकपेक्षा ₹४०० जास्त, म्हणजे जीबीला सव्वातेरा रुपयांच्या आसपास.

तुम्हाला आणि मुलीला जिओ ₹८५९, ८४ दिवस. दर नंबरी वर्षाला ₹३,७३३.

बेरीज: १,८४९ + २,२४९ + ३,७३३ + ३,७३३ = ₹११,५६४. आताचा खर्च ४,५४९ गुणिले चार = ₹१८,१९६. वाचतात ₹६,६३२. पोस्टपेडपेक्षाही कमी, आणि बिलाची टांगती तलवार नाही.

---

चिरेबंदी

पत्नीच्या नंबरसाठी मधल्या खोलीत उणे १०८ आहे, तेव्हा वाय-फाय कॉलिंग लावल्याशिवाय वर्षाचे पैसे भरू नका. आईच्या की-पॅड फोनमध्ये ती सोय नसणार. ती ज्या खोलीत बसते तिथला आकडा वेगळा काढा, आणि तो वाईट असला तर आधी ८४ दिवसांचा ₹४६९ चा घेऊन पावसाळा काढा. वर्षाचा पॅक मध्येच सोडला तर उरलेले पैसे परत मिळत नाहीत. उलट बाजूने, वर्षाचा भरलेला पॅक दरवाढीपासून वाचवतो. जुलै २०२४ च्या आधी ज्यांनी भरला होता त्यांना मुदत संपेपर्यंत नवे दर लागले नाहीत.

---

काणकोण_पोळे

पोर्ट करताना, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना, जे चुकते ते लिहितो.

आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० वर. आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. एसएमएस जात नसेल तर पॅक संपला आहे का, बॅलन्स आहे का ते बघा. म्हणून जुना पॅक संपायच्या दोन-तीन दिवस आधी अर्ज करा: आधीच केलात तर उरलेली मुदत बुडते, उशीर केलात तर कोड मिळायला अडचण येऊ शकते. सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस लागतात. शनिवार-रविवार आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्ट्या मोजून दिवस ठरवा.

सिम हरवून नवे घेतले असेल तर सात दिवस पोर्ट होत नाही. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, ओटीपी येत नाहीत, त्या दिवशी बँकेचे काम ठेवू नका. पोर्ट झाल्यावर युपीआय अ‍ॅप पुन्हा नोंदणी मागू शकते, त्यासाठी फोनमधून एसएमएस जावा लागतो.

आणि दोन्ही पोर्ट एका दिवशी करू नका. आधी तुमचा करा, मधल्या खोलीतून आठवडाभर कॉल करून बघा, मग मुलीचा. तिच्या हॉस्टेलच्या खोलीतला डीबीएम तिच्याकडूनच मागवा, फोंड्याचा आकडा बेळगावला लागू नाही.

---

फोंडेकर

देव बरें करूं. आईच्या खोलीतला आकडा काढला, उणे १०१, म्हणजे काठावरचा. तिचा आधी ८४ दिवसांचा घेतो. माझ्या फोनच्या बँडच्या यादीत एन२८ आहे. माझा पॅक पुढच्या गुरुवारी संपतो, तेव्हा सोमवारी १९०० ला एसएमएस पाठवतो.