मदत हवी आहे: होर्डिंगच्या चौकटीबाहेर येणारं गाडीचं नाक

वाशीत सायन-पनवेल महामार्गालगत एकखांबी होर्डिंग, ४० बाय २० फूट. जाहिरात आलिशान काळ्या सेडानची. गाडीचं नाक उजवीकडे ६ फूट बाहेर काढायचंय: फायबरचं कवच, आत एमएस (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपचा सांगाडा, अंधार पडला की हेडलॅम्प पेटणार. (थर्माकोल सुचवू नका, पहिल्याच पावसाळ्यात तुकडे पडतात.)

अडचण वाऱ्याची. आयएस ८७५ नुसार (बांधकामांवरच्या भारांचं भारतीय मानक) मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे चौरस मीटरला साधारण ११८ किलो दाब. बाहेरचा भाग ६ बाय ७ फूट. उंची, आकार वगैरेंचे गुणांक लावण्याआधीच साडेचारशे किलो, तेही एकाच कडेला. खांबाला पीळ बसणार. डावीकडे प्रतिभार टाकला तर वजन तोललं जाईल, वाऱ्याचा पीळ नाही. घाटकोपरचं होर्डिंग कोसळल्यानंतर हे अंदाजावर सोडायचं नाही. बेसप्लेट आणि बोल्ट इंजिनिअर तपासतीलच.

कवचाऐवजी जाळीवर छापलेलं नाक केलं तर दाब कितपत उतरतो? रस्त्यावरून ते भरीव दिसेल का? दुसरं, फ्लेक्स कवचाला भिडतो तिथली कड फडफडून आयलेट (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) फाटतात. आयलेट ९ इंचांवर घ्यावेत, की तेवढी पट्टी एसीपीची (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेलची) करावी? काळा रंग मॅटच छापतोय, चकचकीतवर फोकसचे पांढरे डाग उमटतात.