महिला ग्रामसभा नुसती रजिस्टरमध्ये होते, खरी कशी घ्यायची?

माळावरची:

नमस्कार मंडळी. आमचं गाव जत भागातलं. गावठाण लहान, बाकी सगळ्या वस्त्या. मी बचत गटाची सचिव आहे, म्हणून बायका काही अडलं की माझ्याकडे येतात.

अडलंय ते एवढंच. कॉलेजच्या पोरी संध्याकाळच्या एसटीने येतात आणि एसटी फाट्यावर सोडते. फाट्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत एक दिवा नाही. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला वेडी बाभूळ. दिवाळीनंतर सहा-सव्वासहालाच मिट्ट काळोख. आता एका पोरीची आई म्हणते, "शिकू नको असं कुठं म्हणतोय आम्ही, पण रोज आणायला जायचं कुणी?" तिचा बाप आणि भाऊ दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. म्हणजे पोरीचं कॉलेज सुटणार, हे धरून चाला.

मी पंचायतीत विचारायला गेले. म्हणाले, बायकांचा विषय आहे, महिला सभेत मांडा. कधी आहे सभा? तर म्हणे मागच्या महिन्यात झाली. मी रजिस्टर मागितलं. त्यात माझ्या सासूबाईंचा अंगठा आहे. त्या दिवशी सासूबाई मिरजेला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी होत्या. आणि त्या अंगठा देतच नाहीत. साक्षरता वर्गात सही शिकल्या तेव्हापासून रेशन दुकानातसुद्धा सहीच करायला मागतात, मशीन आलं तेव्हा त्यावरून केवढं भांडण झालं होतं!

सरपंचताई स्वभावाने चांगल्या आहेत. पण जागा महिला राखीव, खुर्चीत भाऊजी. ताई चहा करून आत जातात.

आमचे हे म्हणतात, वाकडं घेऊ नको, आपल्याला गावात राहायचंय. सासूबाई मात्र त्या अंगठ्यावरून पेटल्यात. भांडण न करता ही सभा खरी कशी घ्यायची? कुणी घेतली आहे का?

---

निवृत्त_भाऊसाहेब:

ताई, आधी कायदा सांगतो, मग बाकीचे अनुभव सांगतील.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ मध्येच आहे की नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सदस्यांची सभा झाली पाहिजे. ती कुणाची मेहेरबानी नाही. ग्रामसभा वर्षाला किमान चार. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे, दवंडी झाली पाहिजे. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, पण फलकावरची नोटीस चुकत नाही. फलकाचा तारखेसकट फोटो काढून ठेवा.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा. आता यातली मेख बघा. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करतात, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग चहा पिता पिता दहा-बारा डोक्यांत सगळे ठराव मंजूर. मी नोकरीत हे पुष्कळ पाहिलं आहे, जास्त बोलत नाही. तुम्ही पहिल्याच सभेला शंभर बायका नेल्यात तर तहकूब करायला कारणच उरत नाही.

आणि तो रस्ता कुणाचा आहे, ग्रामपंचायतीचा की जिल्हा परिषदेचा, ते आधी बघून घ्या. खांब उभे आहेत का? खांब असले तरी पथदिव्याची तार वेगळी ओढावी लागते. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर येण्याआधी ही माहिती तुमच्या हातात असू द्या.

---

औशाची_मावशी:

तुझ्याहून बरीच मोठी असणार मी, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नको.

आमचं गाव औशाकडचं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक नुकते पडले होते, पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण जी गावं पूर्ण पडली नाहीत, नुसती तडकली, तिथं सरकारने दुरुस्तीची योजना आणली होती, ते फार कुणाला आठवत नाही. त्या योजनेत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत हजारावर गावांत बायका "संवाद सहायक" म्हणून नेमल्या. त्यातली मी एक. डोक्यावरचा पदर पडू न देता घरोघर फिरायचं आणि अनुदान किती, हप्ता कधी, भिंत कशी बांधायची ते सांगायचं. इंजिनिअर यायचा, पारावर पुरुषांशी बोलून जायचा. पुरुष शेतात गेले की गवंड्यापाशी दिवसभर घरी कोण? बाईच. दगडमातीच्या भिंतीत मधे मधे आरपार दगड टाकायचा असतो, नाहीतर भिंतीचे दोन पदर सुटून फुगतात. गवंडी तो टाकायचा कंटाळा करायचे. आम्ही सळई घेऊन उभ्या राहायचो. "दाखव, इकडून तिकडे दगड कुठाय?"

तिथं एक शिकले. साहेबाला "आम्हाला त्रास होतोय" म्हटलं की तो मान हलवतो आणि विसरतो. समोर वस्तू ठेवली की त्याला बोलावं लागतं.

पुढं मी पंचायतीत सदस्य झाले. खालच्या गल्लीतली लेकरं सारखी जुलाबाने आजारी. सभेत सांगितलं तर उत्तर काय, "पाणी चांगलं आहे, तुमची भांडी घाण असतील." ठीक आहे म्हटलं. उपकेंद्रातून त्या पाणी तपासायच्या बारक्या बाटल्या येतात, आत औषध असतं. त्या घेतल्या. एकीत खालच्या गल्लीच्या नळाचं पाणी, एकीत वरच्या वस्तीच्या बोअरचं. खुणेपर्यंत भरायचं, बूच लावायचं, उबेत ठेवायचं. मी चुलीमागच्या फडताळात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नळाची बाटली काळी, अगदी शाईसारखी. बोअरची होती तशी पिवळट.

महिला सभेत दोन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या. तोंडाने काहीच बोलले नाही. तालुक्याहून आलेल्या विस्तार अधिकाऱ्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, काळं आहे ते तुमच्या समोरच्या तांब्यातलं. शिपायाने त्याच नळाचं भरून ठेवलं होतं. साहेबाने तांब्या हळूच पलीकडे सरकवला, आणि मागच्या बायका ज्या हसल्या म्हणतेस!

मग कुठं शोध लागला. व्हॉल्व्हचा खड्डा गटाराला लागून होता, घाण पाण्याने भरलेला. नळ बंद झाला की पाइप ती घाण आत ओढायचा. खड्डा बांधून घेतला, टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, रोज टाकायचं ठरलं. टाकतात का बघायला आशाताई आणि आमच्यातली एक, अशा पाळ्या लावल्या. वरचेवर बुडायच्या त्या पाळ्या, खोटं कशाला सांगू.

आता तुझ्या दिव्याचं. अंधार काही बाटलीत भरून नेता येत नाही. म्हणून सभाच एसटीच्या वेळेला ठेवा म्हणून मागणी कर. अकरा वाजता ठेवतात तेव्हा बायका कुठं असतात? तुमच्याकडे डाळिंबात नाहीतर द्राक्षाच्या विरळणीला. हजेरी बुडवून कोण येईल? संध्याकाळी देवळात सभा, आणि सभेआधी सरपंचताईंना घेऊन फाट्यावर जा. गाडीतून उतरणाऱ्या पोरींबरोबर सगळ्यांनी चालत यायचं. मोबाइलची बॅटरी लावायची नाही. भाऊजी आले तर येऊ दे, ओढ्यापाशी त्यांनाही ठेचा लागतील. देवळात सभा सुरू होताना मात्र "महिलांची सभा आहे" एवढं एक वाक्य पुरे, ते तुझ्या सासूने बोलायचं. म्हाताऱ्या बाईला कुणी उलटून बोलत नाही.

ठराव घरून लिहून न्यायचा. लिहायचा कसा, तर: "फाटा ते मारुती मंदिर या रस्त्यावर पथदिवे बसवावेत व हे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक." सूचक सासूबाई, अनुमोदक त्या पोरीची आई. "महिलांच्या सुरक्षिततेसाठी प्रयत्न करावेत" असलं गुळमुळीत लिहू देऊ नको, प्रयत्न कुणालाच दिसत नाहीत. सह्या झाल्या की शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारायची आणि पान मोबाइलमध्ये घ्यायचं. मग रात्रीतून अंगठे उगवत नाहीत.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे २ ऑक्टोबरची सभा धर. आराखडा तेव्हाच हातात घेतात. तुमच्या टोळ्या दसऱ्यानंतर जातात ना? मग २६ जानेवारीला निम्म्या बायका फडावर असतात, त्यांची मागणी कोण मांडणार? मला तर वाटतं ऊसतोडीच्या गावांत जानेवारीची सभा हे नुसतं नाटक आहे.

---

पुणे_५२:

एवढा उपद्व्याप कशाला? वर्गणी काढा, चार सोलर दिवे लावा, आठवड्यात विषय संपेल. २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत. ठरावांनी काय बदललं? खुर्चीत भाऊजीच ना?

---

शिरोळची_सून:

ठरावांनी काय बदललं विचारताय म्हणून लिहिते. आमच्या तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तो आठवडा. १७ मे ला राज्य सरकारने परिपत्रक काढलं की इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडसारखं करावं. एका ग्रामसभेचं रजिस्टर दोन आठवड्यांत मंत्रालयापर्यंत गेलं.

घराघरात लगेच पाळलं जातं असं नाही. माझ्या माहेरी अजून म्हाताऱ्या कुरकुरतात. पण पूर्वी "रीतच आहे" म्हणून विषय मिटायचा, आता नको म्हणणारीला ठराव दाखवता येतो.

---

औशाची_मावशी:

पुणेकर दादा, वर्गणीचे दिवे आम्ही लावले होते. पहिल्या वर्षी एकाची बॅटरी चोरीला गेली, दुसऱ्याच्या काचेवर कबुतरं बसून तो आंधळा झाला. दुरुस्ती कुणी करायची? ज्याने पन्नास दिले तो म्हणतो मी दिलेत, ज्याने दिले नाहीत तो म्हणतो माझा काय संबंध. पंचायतीचा दिवा मालमत्तेच्या नोंदवहीत चढतो. बंद पडला की विचारायला जागा असते.

भाऊजींचं म्हणाल तर आमच्याकडेही होते. पण बाईला सहीचा अधिकार आहे हे तिला स्वतःला कळायला कधीकधी दुसरी टर्म लागते. आमच्या एक माजी सरपंच पहिल्या टर्मला कागद उलटा धरायच्या. दुसऱ्या वेळी चेकवर सही करण्याआधी बिल मागायला लागल्या, आणि घरात दोन दिवस अबोला झाला. राखीव जागा नसती तर दुसरी टर्म आली असती का?

---

माळावरची:

मावशी, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या आताच "महिलांची सभा आहे" म्हणायचा सराव करतायत. काल सरपंचताईंकडे हळदीला गेले होते, तेव्हा स्वयंपाकघरातच विषय काढला. त्यांची भाचीपण याच एसटीने येते. म्हणाल्या, फाट्यावर मी येते, पण आदल्या दिवशी सांगू नको, त्याच दिवशी बोलव.

भाऊसाहेब, रस्ता ग्रामपंचायतीचा आहे, नोंदवहीत बघितलं. खांब ओढ्यापर्यंत आहेत, पुढे नाहीत. आता "निधी नाही" म्हणतील. दिव्याचा पैसा कशातून मागायचा? महिला-बालकल्याणाचे १० टक्के असतात ना, त्यातून होईल का?

---

निवृत्त_भाऊसाहेब:

ते १० टक्के मागू नका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला, म्हणजे घरपट्टी वगैरेच्या वसुलीतला तो वाटा आहे. लहान गावात ती रक्कम मुळात तुटपुंजी, आणि तुम्ही एकदा दिव्याला वापरू दिलीत की दरवर्षी दिव्याची बिलंसुद्धा तिथूनच दाखवतील. रस्त्याचा दिवा सगळ्या गावाचा आहे, तो बायकांच्या खात्यावर का पडावा? ती रक्कम गेल्या तीन वर्षांत कशावर खर्ची पडली ते मात्र जरूर विचारा. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर शिलाई मशीनमध्ये जाते आणि मशीन कुणी पाहिलेलं नसतं.

दिवे वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून मागा. पंधराव्या आयोगात ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, ४० टक्के अबंधित, असं गणित होतं. अबंधितमधून दिवे बसतात. गावाला काय मंजूर झालं आणि काय खर्च झालं, ते ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून दिसतं, लॉगिन लागत नाही. त्या पानाची प्रिंट काढून सभेला न्या, "निधी नाही" म्हणायची सोय राहणार नाही.

ओढ्याच्या पुढचे खांब खर्चिक पडतील, म्हणून ठरावात दोन टप्पे लिहा. आहेत त्या खांबांवर दिवे यंदा, पुढचे खांब पुढच्या आराखड्यात. आणि ठरावाची एक प्रत आवक क्रमांक घेऊन पंचायतीत द्या, दुसरी गटविकास अधिकाऱ्यांकडे. निवृत्त झालो तेव्हा मी ग्रामसेवक होतो, २०२४ पासून त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. तुम्ही भाऊसाहेबच म्हणा, ओ देतील. पण शिक्का मारल्याशिवाय तिथून उठू नका.