मदत हवी आहे: मुक्तस्रोत प्रकल्पातली नवी मुलं चारचौघांत प्रश्नच विचारत नाहीत

राम राम मंडळी.

मी रावेर तालुक्यातली. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम घरून. फावल्या वेळात आम्ही तिघं-चौघं मिळून केळी बागायतदारांसाठी एक छोटं अँड्रॉइड ॲप सांभाळतो. बाग मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आहे की कांदेबाग (पावसाळा सरताना केलेली), खताचे डोस कधी दिले, निसवण (घड बाहेर पडणं) कधी सुरू झाली, कापणीला व्यापारी कोण आला, पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) किती रुपयांची झाली आणि त्यातले हातात किती पडले, एवढंच त्यात लिहून ठेवता येतं. नेट नसलं तरी चालतं. कोड गिटहबवर (कोड ठेवायची, मिळून काम करायची साइट) आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली, सगळ्यांना खुला. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा जाहिरात म्हणून उडायचा.

वापरणारे आहेत. तक्रार करणारे त्याहून जास्त आहेत (आमचे सासरे त्यात पुढे). अडचण आहे ती कोड लिहायला येणाऱ्या नव्या मुलांची.

जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा इकडच्या कॉलेजांतली मुलं-मुली येतात. हुशार असतात, हौसही असते. पण अडलं की रेपोमध्ये (गिटहबवरच्या आमच्या प्रकल्पाच्या जागेत) इश्यू (शंकेची किंवा कामाची जाहीर नोंद) उघडत नाहीत, मला व्हॉट्सॲपवर गाठतात. "मॅडम, एक शंका होती." तेही रात्री अकराला. मी उत्तर देते. थोड्या दिवसांनी दुसरा कोणी तीच शंका घेऊन हजर. ॲप बांधणाऱ्या ग्रेडलची तीच एरर, जावाच्या आवृत्तीचं तेच रडगाणं. उत्तर माझ्या फोनमध्ये पडून राहतं आणि रेपोत शुकशुकाट. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की इथे कोणी राहतच नाही. बरं, ज्याच्याकडे माझा नंबर नाही तो काय करतो? गुपचूप निघून जातो. असे किती गेले ते कळायलाही मार्ग नाही.

'इश्यूत का लिहिलं नाहीस?' असं मी काहींना विचारलं. कोणी म्हणालं, तिथे सगळं इंग्रजीत आहे, माझं इंग्रजी वाचून लोक हसतील. कोणी म्हणालं, इतका सोपा प्रश्न विचारला तर तुम्ही पुढचं काम देणार नाही. एका मुलाचं उत्तर मात्र डोक्यातून जात नाही. "मॅडम, ते तिथे कायम राहतं ना? उद्या कंपनीवाल्यांनी माझं प्रोफाइल उघडलं आणि पहिलाच असला बावळट प्रश्न दिसला तर?" प्लेसमेंटच्या तयारीत गिटहब प्रोफाइल चकचकीत ठेवा असं त्यांच्या कानीकपाळी ओरडलेलं असतं. मग त्याच पाटीवर गिरवायला कोण धजावेल?

मुलींची गोष्ट आणखी निराळी. शहाद्याच्या एका मुलीने ॲपमधल्या मजकुराचं अहिराणी रूप करून दिलं. काम झकास, आमच्या मराठीपेक्षा गोड. पण तिने ते एक्सेलच्या फाईलमध्ये ईमेलने पाठवलं आणि नाव कुठेच लावू नका म्हणाली. कारण विचारलं तर म्हणे, नाव दिसलं की अनोळखी लोकांचे मेसेज सुरू होतात. यावर मी काय बोलणार?

जे सगळीकडे सांगतात ते आम्ही केलं आहे. नवागतांसाठी योगदान कसं द्यायचं ते सांगणारी कॉन्ट्रिब्युटिंगची फाईल आहे. आचारसंहिता म्हणून कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट लावलं आहे. सोप्या इश्यूंना 'गुड फर्स्ट इश्यू'चं लेबल आहे. त्या लेबलामुळे ऑक्टोबरात काय होतं ते जाणकारांना ठाऊक आहेच: रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणारी फाईल) एक स्वल्पविराम घालून पाठवलेल्या पुल रिक्वेस्टी ('माझा बदल घ्या' अशी विनंती). हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरातली मुक्तस्रोत योगदानाची मोहीम) २०२० मध्ये याच कचऱ्यापायी नियम बदलावा लागला होता, रेपोने स्वतःहून होकार दिला असेल तरच त्यातलं योगदान मोजायचं असा. आमच्याकडे तो पूर ओसरला, पण खरी मुलं काही उघड्यावर बोलायला लागली नाहीत.

तर प्रश्न असा: नव्या माणसाला चारचौघांत विचारायची भीड पडू नये म्हणून तुमच्यापैकी कोणी प्रत्यक्षात काय केलं आणि त्याचा उपयोग झाला? 'वातावरण मैत्रीपूर्ण ठेवा' सोडून काहीही सांगा.

भुसावळ जंक्शन लिहितात:

ताई, भीड आहेच, पण त्याच्या आधी लॅपटॉप आहे. आमच्या भागातल्या पोराकडे बहुतेक वेळा ४ जीबी रॅमचं यंत्र असतं, तेही मोठ्या भावाकडून आलेलं. अँड्रॉइड स्टुडिओवाले स्वतःच किमान ८ जीबी सांगतात, आणि एम्युलेटर (संगणकातला नकली मोबाइल) लावला तर तेही अपुरे. पोरगं दोन रात्री डाउनलोड करतं, यंत्र गोठतं आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. असा माणूस इश्यू कशाला उघडेल? त्याच्या लेखी चूक त्याचीच असते.

दोन उपाय. एक, गिटहब कोडस्पेसेस, म्हणजे ब्राउझरमधून वापरायचं गिटहबचं यंत्र. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या यंत्रावर ६० तास. रेपोत डेव्ह कंटेनरची (कामाची सगळी साधनं आपोआप मांडून देणारी) फाईल एकदा नीट लिहून ठेवा, जावाच्या आवृत्तीचं रडगाणं तिथेच संपेल. दोन, प्रत्येक पुल रिक्वेस्टचं एपीके (मोबाइलवर टाकायची ॲपची फाईल) गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या सर्व्हरवर आपोआप कामं चालवायची सोय) बनू द्या. पोराने ते उतरवून स्वतःच्या मोबाइलवर बघायचं. एम्युलेटर हवा कशाला?

आणि हो, पहिल्यांदा पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याचं ॲक्शन्सचं काम मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) मंजुरी दिल्याशिवाय सुरूच होत नाही. फुकटच्या सर्व्हरवर लोक क्रिप्टो मायनिंग करायला लागले म्हणून २०२१ मध्ये गिटहबने ते आणलं. तुम्हाला ते एक बटण दिसतं. नव्या पोराला मात्र फक्त पिवळं काहीतरी अडकलेलं दिसतं आणि आपण काहीतरी मोडलं असं वाटून तो पुल रिक्वेस्टच बंद करून टाकतो. माझ्यासमोर झालंय हे. हे एक वाक्य कॉन्ट्रिब्युटिंग फाईलमध्ये मराठीत लिहून टाका.

सातपुडा लिहितात:

मला वेगळं वाटतं. मुलं जिथे आहेत तिथे जा की. व्हॉट्सॲपचा ग्रुप काढा, हजारावर माणसं मावतात. गिटहबवर ओढायचा अट्टहास कशाला?

धागाकर्ती:

@भुसावळ जंक्शन, मंजुरीच्या बटणाचं लाख बोललात. हे मी आमच्या सगळ्यांना आजच कळवते.

@सातपुडा, ग्रुप काढून पाहिला आहे दादा. पहिला आठवडा शंका, मग शुभ सकाळ, मग केळीचे भाव, मग निवडणूक. आणि तिथलं उत्तर चार महिन्यांनी आलेल्या मुलाला सापडत नाही. माझा सगळा त्रासच तो आहे.

पांझरा लिहितात:

तुमचं दोघांचंही जमेल असं सांगतो. विचारू द्या व्हॉट्सॲपवर. उत्तर मात्र तिथे देऊ नका. प्रश्न तुम्ही स्वतः, त्याचं नाव न घेता, रेपोच्या डिस्कशन्समध्ये (चर्चेच्या जागेत) टाका, उत्तरही तिथेच लिहा आणि त्याला फक्त लिंक पाठवा. पहिल्यांदा तो नुसता वाचेल. पुढच्या वेळी त्याच धाग्याखाली लिहील, कारण धागा दुसऱ्या कोणी सुरू केलेला असतो, पहिला बावळट तो नसतो. मी धुळ्याला मुलांसोबत हे करतो. वेळखाऊ आहे, पण चालतं.

त्या शहाद्याच्या ताईंसाठी: गिटमध्ये कमिट केलं (बदल नोंदवला) की नावाबरोबर ईमेलचा पत्ताही कायमचा उघडा होतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. गिटहबच्या सेटिंगमध्ये ईमेल खासगी ठेवायची सोय आहे, मग खऱ्या ईमेलऐवजी गिटहबने दिलेला नोरिप्लायचा पत्ता वापरता येतो. टोपणनावानेही योगदान देता येतं, हे तुमच्या फाईलमध्ये ठळक लिहा. आणि भाषांतरासाठी एक्सेल बंद करा. वेबलेट लावा, मुक्त प्रकल्पांना त्यांच्या सर्व्हरवर फुकट जागा देतात. ब्राउझर उघडायचा, ओळीपुढे ओळ लिहायची, गिटशी संबंध नाही.

सोप्या इश्यूंबद्दलही एक. लिबरऑफिसवाले त्यांच्या 'इझी हॅक्स'मध्ये कोडमध्ये नेमकं कुठे बघायचं तेही लिहून देतात. आपल्याकडे लेबल लावतात आणि खाली एक ओळ: 'तारखेचा फॉरमॅट चुकतो.' कुठे चुकतो? कोणत्या फाईलमध्ये? दुरुस्त झालं हे ओळखायचं कसं? इतकं लिहायला अर्धा तास जातो आणि तेवढ्यात तो बग तुम्ही स्वतः सोडवू शकता, हे मान्य. तरी सोडवू नका.

रिव्ह्यूला (आलेला कोड तपासायला) उशीर होतो का? मोझिलाने आपल्या प्रकल्पात पाहिलं होतं की पहिल्या पॅचचा (कोडमधल्या बदलाचा) रिव्ह्यू ४८ तासांत मिळाला तर माणूस परत येण्याचं प्रमाण फार वाढतं. सात दिवसांच्या वर गेलं की जवळपास कोणीच परतत नाही.

तिसरं वर्ष लिहितात:

मी शिरपूरला कॉम्प्युटरला आहे. नवीनच आयडी काढला आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. ताई, तुमचं ॲप कोणतं ते मला बहुतेक माहीत आहे, कारण मी ते उघडून बंद केलेलं आहे.

मला इंग्रजीची भीती नव्हती. मी जुने इश्यू वाचत बसलो होतो, विचारायचं कसं ते शिकायला. पण तिथे कोणी काही विचारलेलंच नाही. सगळे इश्यू म्हणजे 'हे करा', 'ते काढा'. पुल रिक्वेस्ट येते, 'ठीक' म्हणून मर्ज होते (मूळ कोडमध्ये मिसळते). तुम्हा लोकांना कधी काही अडतच नाही असं दिसतं. मग मी कोण विचारणारा? पंगतीत पहिला कोणी बसत नाही ताई, दोन मोठी माणसं बसली की मग जागा पुरत नाही.

धागाकर्ती:

भाऊ, बरं झालं लिहिलंस.

अडतं आम्हालाही, रोज अडतं. पण आमचं सगळं बोलणं फोनवर होतं, कारण आम्ही एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतो. उघड्यावर येतो तो शिजलेला कोड. तू म्हणतोस ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षात येणं कठीणच होतं, आम्हाला ते बोलणं ऐकू येतं ना.

यातलं काही मात्र उघडं करता येणार नाही. ॲपमधली गडबड शोधताना शेतकऱ्यांच्या खऱ्या पट्ट्या समोर असतात, व्यापाऱ्यांच्या नावांसकट. त्या बाहेर गेल्या तर गावात तोंड दाखवायला नको. पण कोडबद्दलच्या शंका डिस्कशन्समध्ये आणायला काहीच हरकत नाही. कालच निसवणीच्या तारखेवरून कापणीचा अंदाज काढणाऱ्या फंक्शनवर आमचा तासभर वाद झाला. मृगबागेला आणि पिलबागेला (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाला) एकच हिशेब लावायचा की वेगळा, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. तो वाद जसाच्या तसा टाकते, आमच्या गोंधळासकट. तुझ्या घरी बाग असेल तर तूही सांग.

तिसरं वर्ष लिहितात:

बाग नाही, कापूस आहे. पण मामांची चोपड्याला आहे, त्यांना विचारून लिहितो. तिथेच लिहू ना?

धागाकर्ती:

तिथेच. टोपणनावाने लिहिलंस तरी चालेल.

बाकीच्यांसाठी: डेव्ह कंटेनर आणि एपीकेचं काम आमच्यातल्या एकाने अंगावर घेतलं आहे. वेबलेटसाठी अर्ज करते, शहाद्याच्या ताईंना विचारूनच. सोप्या इश्यूंमध्ये फाईल आणि तपासायची रीत लिहायला बसले आहे, चांगलंच किचकट निघालं. लेबल लावलेले निम्मे इश्यू सोपे नाहीतच, हे लिहिताना कळतंय, त्यांचं लेबल काढते आहे.

एक गाठ मात्र सुटत नाही. डिस्कशन्स मराठीत केल्या तर आपली मुलं बोलतील. पण आमचं ऑफलाइन सिंकचं अर्धं काम केरळमधल्या एका माणसाने केलं आहे, त्याला मराठीचं अक्षर कळत नाही. त्याच्यासाठी सगळं इंग्रजीत करायचं तर पुन्हा पहिले पाढे. मशीनचं भाषांतर लावून पाहिलं, तर 'कांदेबाग'चा त्याने कांद्याचा मळा केला. दोन भाषांत चालणारा प्रकल्प कोणी सांभाळत असेल तर रोजच्या रोज ते कसं निभावता, तेवढं सांगा.